उन्हाचा वांटा व पृथ्वीवरील अक्षांश

मुलकी खात्यांत कारकुनी करीत असतां बांधाबांधांचे जे अर्ज आमच्या हातांखालून गेले, त्यांत झाडांच्या सावलीबद्दलचे अर्ज थोडे नव्हते. त्यांपैकीं एक आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं. भीमेच्या खोऱ्यांतील एका गांवीं एका वृद्ध शेतकऱ्याची तक्रार होती कीं, दक्षिणेकडील शेजाऱ्यानें बांधावर निंबांची रांग वाढविली आहे व तिच्या सावलीनें आपल्या वावराचा बांधालगतचा पट्टा पिकत नाहीं. मे महिन्याच्या मध्यास, भर दोन प्रहरीं, तलाठ्यास बरोबर घेऊन आम्ही जागेवर गेलों. पाहतों तों प्रत्येक निंबाची सावली त्याच्याच बुंध्याभोंवतीं गोळा झालेली. बांध ओलांडून ती आलेलीच नाहीं. तीन वाजेपर्यंत थांबलों, तरी सावली पूर्वेकडे व किंचित् दक्षिणेकडेच सरकली. आम्हीं पंचनाम्यांत लिहिलें कीं, अर्जदाराचे क्षेत्रांत सावली पडत असल्याचें दिसून आलें नाहीं. तो वृद्ध गृहस्थ म्हणाला, "भाऊसाहेब, आत्तां सूर्य डोईवर हाय. मार्गशीर्षांत या, मग दावतों." आम्हीं उत्तर दिलें, "बाबा, झाड तेंच आणि सूर्यहि तोच." अर्ज निकालांत निघाला.

पुढें त्याच वर्षीं डिसेंबरांत पीकपाहणीच्या निमित्तानें त्याच शिवारांतून जाणें झालें. निंबांची उंची सुमारें तीस फूट असावी. दोन प्रहरीं त्यांची सावली बांधावरून उत्तरेस सत्तावीस फूट आंत गेली होती, आणि तेवढ्या पट्ट्यांतला हरभरा नुसता माजला होता, घाटे तुरळक. आमचा पंचनामा खोटा नव्हता, पण त्याची तारीख खोटी होती. शाळेंत भूगोल शिकतांना जें घोकलें होतें व परीक्षा होतांच टाकून दिलें होतें, तें पुन्हां उघडून पाहण्याची बुद्धि आम्हांस त्या दिवशीं झाली. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. तेव्हां पुढील विवेचनांत मोठें गणित नाहीं. एक काठी, एक दोरी व पंचांग एवढी सामग्री वाचकांस पुरे होईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिवाळ्यांत सूर्य दूर जातो म्हणून थंडी पडते, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभीं, त्या वेळीं अंतर सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटर असतें. आणि सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभीं, सुमारें १५ कोटि २१ लक्ष किलोमीटर. म्हणजे आपण थंडीनें कुडकुडत असतों तेव्हांच सूर्य जवळ असतो. खरें कारण पृथ्वीच्या आंसाच्या कलण्यांत आहे. हा आंस सुमारें साडेतेवीस अंश कललेला असून, वर्षभर तो आकाशांतील एकाच दिशेकडे रोखलेला राहतो. त्यामुळें सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्यासमोर झुकतो व सहा महिने दक्षिण गोलार्ध. सूर्य माथ्यावर येण्याची जागा २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्तावर असते, २२ डिसेंबरच्या सुमारास मकरवृत्तावर, आणि मधल्या काळांत ती या दोहोंमध्यें ये-जा करते. कर्कवृत्त उज्जयिनीच्या किंचित् उत्तरेकडून जातें. आपला सारा महाराष्ट्र व गोवा त्याच्या दक्षिणेस असल्यामुळें आपल्या माथ्यावर सूर्य वर्षांतून दोनदां येतो. पणजीस मेच्या आरंभीं, कोल्हापुरास ६ मेच्या पुढेंमागें, पुण्यास १४ मेच्या सुमारास, नागपुरास मेच्या शेवटच्या आठवड्यांत. आणि परत येतांना हाच क्रम जुलै-ऑगस्टांत उलटा, पण तेव्हां आभाळ झांकलेलें असल्यानें तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दिल्लीस किंवा लुधियान्यास मात्र सूर्य कधींच माथ्यावर येत नाहीं. जूनमध्येंहि तो माध्यान्हीं थोडा दक्षिणेसच राहतो.

आमची पाहणी नेमकी १५ मेस झाली होती. आमच्या त्या तालुक्याचा अक्षांश पावणेएकोणीस अंशांहून किंचित् अधिक, आणि त्या दिवशीं सूर्यहि तितकाच उत्तरेस. अशा दिवशीं माध्यान्हीं सावली पायांखालीं जाते व इतर सर्व वेळीं ती थोडी दक्षिणेकडे कललेली राहते. उत्तरेकडील वावरांत ती पडावी तरी कशी? तक्रारीची चौकशी जाणून बुजून बुडवावयाची असती, तर याहून चांगला दिवस आम्हांस शोधूनहि सांपडला नसता.

तिरप्या उन्हानें ऊब कां कमी होते, हें पाटाच्या पाण्यावरून समजेल. पाटास एक ठराविक धार आहे. ती एका वाफ्यास दिली तर वाफा तुडुंब भरतो, तीच दोन वाफ्यांस वांटली तर प्रत्येकाच्या वांट्यास निम्मी येते. सूर्य माथ्यावर असतां त्याच्या किरणांचा एक हात रुंद झोत जमिनीच्या एक हातावरच पडतो. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असेल, तर तोच झोत दोन हात जमिनीवर पसरतो. पंधरा अंशांवर असेल तर जवळजवळ चार हातांवर. याखेरीज तिरपा किरण हवेंतून लांबचा पल्ला मारून येतो. तीस अंशांवर हा पल्ला सरळ किरणाच्या दुप्पट असतो, आणि वाटेंत धूळ, बाष्प व खुद्द हवा त्याचा कांहीं भाग खाऊन टाकतात. सकाळ-संध्याकाळचें ऊन सौम्य व तांबूस असतें तें याच कारणानें. हवेच्या वरच्या टोंकास, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरावर सुमारें १३६१ वॅट इतकी सूर्यशक्ति येते. सूर्य सर्वांस सारखेंच देतो. तफावत पडते ती घेणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेमुळें.

आतां तेंच तीस फुटी झाड निरनिराळ्या अक्षांशांवर उभें करून पाहूं. २२ डिसेंबरच्या माध्यान्हीं त्याची सावली कन्याकुमारीस उत्तरेकडे सुमारें १८ फूट पडेल, आमच्याकडे २७ फूट, लुधियान्यास ४२ फूट, आणि लंडनांत तर १११ फूट. विषुववृत्तावर ती १३ फूट उत्तरेस पडेल व जूनमध्यें तितकीच दक्षिणेस. हे आंकडे माध्यान्हींचे आहेत. आमच्याकडेहि त्याच दिवशीं सकाळीं साडेनऊस व दुपारीं साडेतीनास ती ५४ फुटांपर्यंत लांबते. येथें माध्यान्ह म्हणजे घड्याळांतील बारा नव्हेत, हें सांगितलें पाहिजे. आपलें घड्याळ साडेब्याऐंशीं रेखांशाच्या वेळेवर चालतें. पश्चिम महाराष्ट्रांत सूर्य मध्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, महिन्यामहिन्यांप्रमाणें कांहीं मिनिटें अलीकडे-पलीकडे.

तिसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. विषुववृत्तावर दिवस बारा तासांहून सहा-सात मिनिटांनीं मोठा असतो व वर्षभर तेवढाच राहतो. कन्याकुमारीस सर्वांत मोठा दिवस १२ तास ३५ मिनिटांचा, सर्वांत लहान ११ तास ३९ मिनिटांचा. पुण्यास हेच आंकडे सव्वातेरा व अकरा तास. दिल्लीस जवळजवळ चौदा तास व सव्वादहा तासांहून किंचित् अधिक. लंडनांत सुमारें साडेसोळा तास व पावणेआठ तास. साडेसहासष्ट अंशांच्या पलीकडे तर जूनमध्यें सूर्य मावळत नाहीं व डिसेंबरांत उगवत नाहीं.

तिरपेपणा व दिवसाची लांबी या दोहोंचा हिशेब एकत्र केला म्हणजे कांहीं चमत्कारिक निकाल हातीं येतात. हवेचा व ढगांचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तर २१ जूनच्या एका दिवसांत लंडनच्या माथ्यावर पुण्यापेक्षां अधिक सूर्यशक्ति येते. आणि उत्तर ध्रुवावर, चोवीस तास सूर्य न मावळल्यामुळें, विषुववृत्तापेक्षां सुमारें एकतृतीयांशानें अधिक. हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस छापण्याची चूक वाटली, परंतु हिशेब बरोबर आहे. मग ध्रुवावर बर्फ कां? एक तर तेथें सूर्य साडेतेवीस अंशांहून वर चढत नाहीं, म्हणून किरणांस हवेंतून लांब यावें लागतें; दुसरें, ताज्या बर्फावर पडलेल्या शंभर भागांपैकीं ऐंशीं भाग तसेच परत जातात; आणि तिसरें, वर्षांतले सहा महिने जमेची बाजू कोरी असते. जमाखर्च वर्षाचा पाहावा, एका दिवसाचा नव्हे. लंडनांत जूनच्या दिवसाची जमा डिसेंबरच्या दिवसाच्या सहापटींहून अधिक. पुण्यास ती दीडपटीच्या आसपास. आपल्याकडे बारा महिने कांहींना कांहीं पिकवितां येतें, व विलायतेंतील शेतकरी डिसेंबरांत स्वस्थ बसतो, याचें मूळ या दोन आंकड्यांत आहे.

वर्षअखेरीस विषुववृत्ताकडील मुलखांत आवक खर्चाहून अधिक ठरते व ध्रुवांकडील मुलखांत खर्च आवकेहून अधिक. वारे व समुद्रांतील प्रवाह ही शिल्लक इकडून तिकडे पोंचवीत असतात. आपला मोसमी पाऊस हा त्याच देवघेवीचा एक भाग होय. सूर्य उत्तरेस सरकला, आशिया खंडाची जमीन तापली, कीं दक्षिण गोलार्धांतील समुद्रावरून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून बाष्पासह आपल्याकडे वळतात. आणि तो पाऊसच मग आपलें ऊन कमी करतो. निव्वळ आकाशाच्या हिशेबानें आपलें ऊन मे ते जुलै या काळांत भरपूर असावयास पाहिजे. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र तें एप्रिल-मेंत सर्वांत अधिक मिळतें व जुलै-ऑगस्टांत ढगांमुळें पुष्कळ उतरतें. विषुववृत्तावरील सदा ढगाळ मुलखापेक्षां राजस्थान व सहारा येथील जमिनीस अधिक ऊन मिळतें तेंहि याचमुळें. हीं मापें भारतांत नियमितपणें घेण्याची व्यवस्था १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानें वाढली. पुण्याच्या वेधशाळेंतील अण्णा मणि या विदुषींचे श्रम त्यामागें होते, आणि पुढें त्यांनीं साऱ्या देशाच्या सूर्यशक्तीचे आंकडे ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

येथवरचें विवेचन कित्येकांस पोथीचें वाटेल. परंतु ज्यांनीं परमुलखाचें बियाणें पेरून पाहिलें आहे, त्यांस तसें वाटणार नाहीं. आमचा पुतण्या विलायतेंत नोकरीस असे. एका वर्षीं त्यानें तेथील मोठ्या कांद्याचें थोडें बीं आणलें. परसांत दोन वाफे केले, रोपें लाविलीं, शेणखत घातलें, पाणी चुकविलें नाहीं. पात अशी जोमदार आली कीं पाहणाऱ्यांनीं बीं मागितलें. मार्च संपला, एप्रिल संपला, माना जाड राहिल्या व खालीं बोटभर गांठीशिवाय कांहीं नाहीं. शेजारच्या वाफ्यांतील आपला एन २-४-१ मात्र वेळेवर पोसून मान पाडून मोकळा झाला. कारण असें : कांदा पात वाढविणें सोडून गड्डा केव्हां धरूं लागतो, हें तो दिवसाच्या लांबीवरून ठरवितो. आपल्या जातींस उबेबरोबर अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. विलायती जातींस चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो, आणि आपला सर्वांत मोठा दिवस तर सव्वातेरा तासांचा. तो कांदा आमच्या परसांत शंभर वर्षें उभा राहता, तरी त्याची वेळ आलीच नसती. उलट आपलें बीं तिकडे नेलें, तर रोप बोटभर असतांनाच दिवस मोठा झालेला पाहून तें गड्डा धरील व कांदा गोटीएवढा राहील. आमचें नुकसान दोन वाफ्यांचें झालें. परंतु पुड्यावरील चित्रास भुलून एकरानें असें बीं लावणाऱ्याचें वर्ष जातें. बीं कोणत्या मुलखासाठीं तयार केलें आहे, तें लहान दिवसाचें कीं मोठ्या दिवसाचें, हें विचारल्यावांचून कांद्याचें नवें बीं घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. विक्रेत्यास तें सांगतां येत नसेल, तर तें बीं त्याच्याच दुकानांत राहूं द्यावें.

वनस्पति दिवस मोजतात ही गोष्ट शास्त्रानें उघड केली ती १९२० सालीं, अमेरिकेंत. तेथील सरकारी कृषिखात्यांतील गार्नर व अलार्ड हे दोघे तंबाखूच्या एका जातीनें बुचकळ्यांत पडले होते. ती उन्हाळ्यांत माणसाच्या डोक्यावर वाढे, पण फुले नाहीं. थंडींत कांचघरांत ठेविली तर लहानपणींच फुले. त्यांनीं ऊब, पाणी, खत सर्व तपासून पाहिलें. शेवटीं भर उन्हाळ्यांत कुंड्या दुपारींच अंधाऱ्या खोलींत नेऊन दिवस कृत्रिमपणें लहान केला, तेव्हां तंबाखू फुलली. आपल्या बायामाणसांस हें निराळ्या शब्दांत ठाऊक होतेंच. शेवंती दसऱ्या-दिवाळीसच फुलते, कारण ती दिवस लहान होण्याची वाट पाहते. हल्लींचे फुलशेती करणारे रात्रीं दिवे लावून तिला थोपवितात व काळें कापड पांघरून घाईनें फुलवितात. सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागांत हिवाळ्यांत रात्रीं दिवे लागलेले दिसतात तें उलट कारणानें. त्यास मोठा दिवस हवा. गावरान तूर उशिरां पेरली तर ती खुजीच राहून फुलोऱ्यास येते, कारण तिनें आपलें वेळापत्रक पेरणीवरून नव्हे, आकाशावरून ठरविलेलें असतें. ही खोड आमच्या वाडवडिलांस सोयीची होती. पेरणी मागेंपुढें झाली तरी फुलोरा पाऊस ओसरल्यावरच येई.

उंसाचें उदाहरण अधिक बोलकें आहे. उंसास तुरा येतो तो दिवस सुमारें साडेबारा तासांवर येऊन हळूहळू कमी होत असतां, आणि रात्री उबदार असतां. उत्तर हिंदुस्थानांत दिवस झपाट्यानें घटतात व पाठोपाठ थंडी येते, त्यामुळें तेथें तुरा आला तरी त्यांतून चांगलें बीज मिळत नाहीं. आणि बिजावांचून नवी जात निर्माण होत नाहीं. म्हणून १९१२ सालीं ऊंस पैदाशीचें केंद्र स्थापिलें तें अकरा अंशांवरील कोइमतूर येथें. तेथें बार्बर व वेंकटरामन् यांनीं सुधारलेला ऊंस व रानटी काशा यांचा संकर करून को. २०५ ही जात काढली, व ती १९१८ पासून दूर पंजाबच्या शेतांत गेली. ऊंस पिकला तीस अंशांवर, पण त्याचें पाळणाघर अकरा अंशांवर. आपल्याकडील अनेक जातींच्या नांवांत अद्याप दिसणारें 'को.' तें याच कोइमतूरचें.

गव्हाची कथा याच्या उलट. मेक्सिको देशांत नॉर्मन बोरलॉग यांनीं १९४५ नंतर एकाच वर्षांत गव्हाच्या दोन पिढ्या घेण्यास आरंभ केला. एक हिवाळ्यांत सोनोरा प्रांतीं, सुमारें २७ अंशांवर, व दुसरी उन्हाळ्यांत टोलुका येथील उंच पठारावर, १९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आमच्याच अक्षांशावर. हेतु केवळ वेळ वांचविण्याचा होता. परंतु दोन्ही ठिकाणीं टिकून राहिलीं तीं रोपें दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारीं निघालीं. त्यामुळेंच तो गहूं एका अक्षांशाचा बंदा राहिला नाहीं. १९६६ सालीं भारतानें अशा बियाण्याचे १८,००० टन आणविले, व पुढील दोन-चार हंगामांत काय घडलें तें जुन्या वाचकांच्या स्मरणांत असेलच.

ज्यांस आपल्या शेताचा अक्षांश स्वतः काढून पाहावयाचा आहे, त्यांनीं २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर या दिवशीं चार फुटी काठी ओळंब्यानें सरळ रोंवावी व सावली सर्वांत आंखूड होईल तेव्हां मोजावी. आमच्या भागांत ती १ फूट ४ इंच भरते; दिल्लीस २ फूट २ इंच, लंडनांत काठीहून मोठी, ५ फूट. जुने ज्योतिषी हेंच माप बारा अंगुळांच्या शंकूनें घेत व त्यास पलभा म्हणत. पुण्याची पलभा चार अंगुळें, उज्जयिनीची पांचांहून किंचित् अधिक. सौर पंपाच्या प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून साधारण स्थानिक अक्षांशाइतक्या कलत्या ठेवितात, त्यामागें हाच हिशेब आहे. त्या रोंवतांना दक्षिणेच्या झाडाची मे महिन्यांतील सावली पाहून जागा ठरवूं नये. प्लेटांच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी पाणी बरेंच उतरतें, आणि पंपाची गरज रब्बींतच अधिक.

त्या वृद्ध शेतकऱ्याचा निकालांत निघालेला अर्ज पुन्हां उघडण्याचा अधिकार कारकुनास नव्हता. आम्हीं त्यास मार्गशीर्षांतच नवा अर्ज देण्यास सुचविलें व सावलीचें माप दोरीनें घेऊन पंचांसमक्ष लिहविलें. मामला साहेबांपुढें जाण्यापूर्वींच उभयतांत समजूत झाली : झाडें राहावींत, परंतु दर कार्तिकांत त्यांच्या फांद्या उतरवाव्यात. पुढल्या वर्षीं त्याच गांवाहून अर्ज आला तो उतरविलेल्या फांद्यांचा पाला व जळण कोणाचें, याबद्दलचा.